मृत्युपत्र आणि धम्म



सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थांचा धम्म सांगितला आहे. आईबापांची पाच कर्तव्ये त्यात येतात. मुलांना पापापासून आवरावे, चांगल्या मार्गाला लावावे, विद्या व धंदा शिकवावा, योग्य ठिकाणी लग्न करून द्यावे, आणि योग्य वेळी वारसा त्यांच्या हाती सोपवावा. पहिली चार आपण जमेल तशी पार पाडतो. पाचवे मात्र विसरतो.

“आपल्यापाशी आहे काय, मृत्युपत्र करायला?” असे आपण म्हणतो. पण दोन खोल्या, गावाकडचा जमिनीचा तुकडा, पोस्टातले पासबुक, नोकरीचा फंड एवढे तरी पुष्कळ घरांत असते. ज्यांच्या पूर्वजांना काही बाळगूच दिले नाही, त्यांनी कष्टाने मिळविलेले न्यायाने वाटायला नको का?

मृत्युपत्र नसेल तर बौद्धांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. नावाने बिचकू नका. त्याने आपला धर्म बदलत नाही. त्या कायद्याप्रमाणे पुरुषाच्या मागे त्याची विधवा, आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. स्त्रियांच्या याच हक्कांसाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रखडले, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचे एक मोठे कारण हेच होते.

आता आपल्या घरात पाहा. बाप गेला की वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे धावपळ सुरू होते. बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. “तुला माहेर हवे की हिस्सा?” असे तिला विचारतात. ती डोळे पुसते आणि सही करते. समतेची प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे शोभते काय?

म्हणून मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाशिवाय, स्पष्ट शब्दांत लिहा. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करा, आणि त्यांनीही तुमच्यासमोर सही करावी. ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. वतनाच्या जमिनीचे नियम वेगळे आहेत. त्याबद्दल वकिलाला विचारा.

कागदाच्या आरंभी लिहा, “मी बौद्ध आहे.” मुलीचे नाव मुलाच्या बरोबरीने घाला. पत्नीला राहत्या घरातून कोणी काढू नये, हे स्पष्ट लिहा. जमल्यास थोडी रक्कम विहाराला किंवा वस्तीतील मुलांच्या पुस्तकांना ठेवा. माझ्यामागे पिंडदान, श्राद्ध, तेरावे करू नये, बौद्ध पद्धतीने अंत्यविधी व्हावा, हेही लिहा. पण कागद बहुधा नंतर उघडला जातो. म्हणून ही इच्छा आजच घरच्यांना बोलून दाखवा. नाहीतर ऐन वेळी भाऊबंद जमतात, “लोक काय म्हणतील” म्हणतात आणि कर्ज काढून तेरावे घालतात.

राहुलाने वारसा मागितला, तेव्हा तथागतांनी त्याला प्रव्रज्या दिली. आपण गृहस्थ आहोत; आपण घर आणि जमीन ठेवून जाऊ. पण त्या वाटणीत समता नसेल, तर मुलांच्या हाती धम्म गेला असे कसे म्हणावे?

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर मुलगे, मुली, सुना सर्वांना जवळ बसवा आणि हा विषय काढा.

जय भीम! नमो बुद्धाय!