नाव विचारा, पण खोळंबू नका!

भोसरी-पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कितीतरी कारखाने आहेत. मोटार जोडणाऱ्या साखळीचा एक साधा नियम असतो. लागणारा भाग आधी मागवायचा, आणि तो येईपर्यंत साखळी चालू ठेवायची. सी भाषेत जाळ्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमलाही हाच नियम पाळावा लागतो. तो मोडला तर काय होते आणि कसा पाळावा, हे आज पाहू.

नाव आणि क्रमांक

जाळ्यावरील संगणक एकमेकांना क्रमांकाने ओळखतात. नावे असतात ती माणसांच्या सोयीसाठी. आर्पानेट हे जाळे लहान होते तेव्हा सर्व नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे व इतर संगणक ती उतरवून घेत. संगणक वाढले, तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ‘डोमेन नेम सिस्टिम’ म्हणजेच डीएनएस या व्यवस्थेचा आराखडा मांडला. तीत यादी एका ठिकाणी नसते. ती अनेक सर्व्हरांत वाटलेली असते.

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या संकेतस्थळाचे नाव घ्या : पीसीएमसीइंडिया.जीओव्ही.इन. हे नाव उजवीकडून डावीकडे उलगडते. आपला संगणक जवळच्या नाव-सर्व्हरला विचारतो. त्याला उत्तर ठाऊक नसेल, तर तो आधी मूळ सर्व्हरला, मग ‘इन’ सांभाळणाऱ्याला, मग ‘जीओव्ही.इन’ सांभाळणाऱ्याला विचारत जातो आणि शेवटी क्रमांक मिळवतो. तो काही काळ लक्षातही ठेवतो. हे सारे बहुधा क्षणार्धात होते. पण वाटेतली तार तुटली असेल किंवा सर्व्हर बंद असेल तर?

खोळंबा कोठे होतो?

अशी कल्पना करा, की चाकणच्या एका कारखान्यात एक संगणक २० भट्ट्यांचे तापमान दर सेकंदाला वाचतो. तापमान मर्यादेबाहेर गेले, की लाल दिवा लावतो. शिवाय दर मिनिटाला तो सर्व आकड्यांचा गोषवारा दूरच्या सर्व्हरला पाठवतो. ही तिन्ही कामे एकाच फेऱ्यात, एकामागून एक चालतात.

गोषवारा पाठवण्याआधी प्रोग्रॅम ‘गेट-अ‍ॅडर-इन्फो’ या फंक्शनला सर्व्हरचे नाव देऊन क्रमांक विचारतो. हे फंक्शन उत्तर मिळेपर्यंत किंवा प्रयत्न संपेपर्यंत परतत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक प्रयत्नाला ५ सेकंद, असे दोन प्रयत्न होतात. नाव-सर्व्हर एकच असून तो गप्प राहिला, तर सुमारे १० सेकंद गेली. तेवढ्या वेळात २० भट्ट्यांच्या मिळून २०० नोंदी घ्यायच्या राहून गेल्या! एखादी भट्टी भलतीच तापली, तरी लाल दिवा लागणार नाही. दिव्यात बिघाड नाही, भट्टीशी जोडलेल्या तारेतही नाही. दोष आहे तो वाट पाहण्याच्या पद्धतीत.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. सॉकेटला ‘थांबू नकोस’ अशी सूचना देता येते, हे काही विद्यार्थ्यांना माहीत असेल. पण नावाचा शोध सॉकेट जोडण्याच्या आधी होतो, म्हणून ती सूचना येथे लागूच पडत नाही.

टेलिफोनचे दोन प्रकार

तुमच्या आजोबांना विचारा. पूर्वी १९७ हा क्रमांक फिरवून नाव सांगितले, की टेलिफोन खात्याचे कर्मचारी नंबर शोधून देत. तोवर रिसीव्हर कानाला लावून बसावे लागे. परगावचा ट्रंक कॉल मात्र नोंदवायचा, रिसीव्हर ठेवायचा आणि कामाला लागायचे. कॉल लागला, की घंटी वाजे. ‘गेट-अ‍ॅडर-इन्फो’ म्हणजे पहिला प्रकार. आपल्याला हवा आहे दुसरा. त्याला असमकालिक पद्धत म्हणतात.

सी भाषेतील तीन मार्ग

१. वेगळा थ्रेड : मुख्य फेरा चालू ठेवून नाव विचारण्याचे काम दुसऱ्या थ्रेडवर सोपवायचे. उत्तर आले, की त्या थ्रेडने पाइपमध्ये एक बाइट टाकायचा. मुख्य फेरा भट्ट्यांबरोबर त्या पाइपवरही लक्ष ठेवतो. हीच झाली आपली घंटी.

२. ‘गेट-अ‍ॅडर-इन्फो-ए’ : जीएनयूच्या सी ग्रंथालयात हे फंक्शन मिळते. ‘वाट पाहू नकोस’ असे सांगितले, की ते विनंती नोंदवून लगेच परतते. आतून तेही थ्रेडच वापरते. सर्व प्रणालींवर मात्र ते मिळत नाही.

३. सी-एरीज : हे ग्रंथालय डीएनएसचे प्रश्न स्वतःच पाठवते. त्याची सॉकेटे आपल्या फेऱ्यात मिसळता येतात. उत्तर आले, की आपण आधी दिलेले फंक्शन ते बोलावते.

सावधगिरी

विनंतीची माहिती ज्या स्मृतीत ठेवली, ती उत्तर येईपर्यंत शाबूत राहिली पाहिजे. एखाद्या फंक्शनच्या स्थानिक चलात ती ठेवली आणि फंक्शन संपले, तर उत्तर भलत्याच जागी लिहिले जाईल. जुने ‘गेट-होस्ट-बाय-नेम’ हे फंक्शन थ्रेडमध्ये वापरू नये. ते उत्तर एकाच सामाईक जागेत ठेवते, त्यामुळे एका थ्रेडचे उत्तर दुसरा पुसून टाकू शकतो.

करून पाहा

दर सेकंदाला एक आकडा छापणारा प्रोग्रॅम लिहा आणि पाचव्या आकड्यानंतर एक नाव विचारा. शिक्षकांच्या मदतीने नाव-सर्व्हर म्हणून १९२.०.२.१ हा पत्ता द्या. हा पत्ता केवळ उदाहरणांसाठी राखलेला आहे; तेथे उत्तर द्यायला कोणी नसते. आकडे किती सेकंद थांबले, ते घड्याळ लावून मोजा. मग पहिला मार्ग वापरून तोच प्रयोग पुन्हा करा. शेवटी मूळ मांडणी पूर्ववत करायला विसरू नका.

दुसऱ्या वेळीही नावाचे उत्तर येणार नाही. पण आकडे मात्र छापले जात राहतील. वाट पाहणे टळत नाही, सर्वांनी मिळून वाट पाहणे टळते.

विचार करा

१. क्रमांक सुरुवातीलाच विचारून कायमचा जपून ठेवला, तर कोणती अडचण येईल?
२. उत्तर येण्याआधीच प्रोग्रॅम बंद करायचा असेल, तर काय काळजी घ्यावी?