नव्या करारावर सही करण्याआधी

खामगाव

चि. मेघना हिस,


तुमच्या चिखलीच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि नव्या करारावर सही मागणारं पत्र आलं, हे तुझ्या बाबांकडून कळलं. सोयाबीन-कपाशीचा पैसा विश्वासाने ठेवणाऱ्यांची खाती त्या यंत्रणेवर आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी व्यवहार कोणत्या प्रकारचा आहे ते विचार. कंपन्यांचं विलीनीकरण झालं असेल, तर 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 230 ते 232 प्रमाणे मंजूर योजनेनुसार जुने करार नव्या कंपनीकडे जातात. नुसते शेअर विकले असतील, तर कायद्याच्या नजरेत कंपनी तीच राहते, मालक तेवढा बदलतो. तुमच्या करारात ‘संमतीशिवाय करार दुसऱ्याला देऊ नये’ एवढंच कलम असेल, तर अशा वेळी ते सहसा कामी येत नाही. कारण करार कुणाला दिलेलाच नसतो. मालकी बदलण्याआधी कळवणं आणि न पटल्यास दंड न भरता बाहेर पडणं, हे वेगळं लिहून घ्यावं लागतं.

असे बदल वारंवार होतात. पटणी कॉम्प्युटर ही सॉफ्टवेअर कंपनी 2011 मध्ये आयगेटने घेतली. 2015 मध्ये आयगेटच कॅपजेमिनीकडे गेली. चार वर्षांत ग्राहकांपुढे तिसरं नाव आलं.

सहीची घाई करू नकोस. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 62 प्रमाणे जुन्याच्या जागी नवा करार मान्य केला, की जुना पाळण्याचं बंधन उरत नाही. जुन्या दरांवरचा आणि मुदतीवरचा हक्कही त्यासोबत जाऊ शकतो. सही करण्याआधी कंपनीला लेखी विचार: आपलं सॉफ्टवेअर किती वर्षं चालू ठेवणार? एका कंपनीत एकाच कामाची दोन सॉफ्टवेअर आली, की एक बंद होण्याचा धोका असतो. आपलं काम जाणणारी माणसं राहणार का? डेटा कुठे आहे, आणि आपण निघालो तर तो कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत मिळेल? बॅकअप घेऊन थांबू नकोस. तो दुसऱ्या संगणकावर चालवून बघ.

रिझर्व्ह बँकेचे एप्रिल 2023 चे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश पतसंस्थांसाठी नाहीत, तरी वाच. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी संस्थेचीच राहते, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणून मूळ करार वकिलांना दाखव, संचालक मंडळापुढे ठेव, आणि मगच उत्तर पाठव.

तुझा,
काका