पार्किंगची इमारत मागण्याआधी

पुण्यात लक्ष्मी रस्त्यालगतच्या गल्लीत आमचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक गादीवर टेकलं की साडीच्या आधी गाडीचं बोलतं. कुणी जागेसाठी चकरा मारून घामाघूम झालेलं असतं, कुणी पी-1, पी-2च्या पाटीपुढे आज सम तारीख की विषम याचा हिशेब करून आलेलं असतं. ऐन खरेदीत ‘गाड्या उचलतायत’ अशी हाक आली की उलगडलेल्या पैठण्या तशाच टाकून माणसं बाहेर धावतात. ती परत येतीलच असं नाही.

त्यामुळे व्यापाऱ्यांच्या बैठकीत मागणी ठरलेली असते : बहुमजली वाहनतळ द्या. सांगली, सातारा, नाशिकच्या बाजारपेठांतही हेच ऐकू येतं. तिथल्या दुकानदारांना सांगणं एवढंच, की निवेदन लिहिण्याआधी एक दिवस आपल्याच रस्त्यावर वही घेऊन उभे राहा.

आमच्या गल्लीत आम्ही हे केलं. सकाळी दुकानं उघडताना, भर दुपारी आणि संध्याकाळच्या गर्दीत उभ्या गाड्यांच्या नंबरांचे शेवटचे चार आकडे टिपले. सकाळी लागलेल्या बऱ्याच दुचाक्या शटर खाली येईपर्यंत जागच्या हलल्या नव्हत्या. त्या होत्या मालकांच्या, सेल्समनच्या आणि वरच्या मजल्यांवरच्या ऑफिसांतल्या लोकांच्या. गिऱ्हाईक यायच्या आधीच त्याची जागा बाजारातल्याच माणसांनी भरलेली होती.

दुकान सकाळी 10 ते रात्री 9 उघडं असतं, म्हणजे 11 तास. गिऱ्हाईक सरासरी 45 मिनिटं थांबलं, तर एका जागेवर दिवसभरात 14 गाड्या लागू शकतात. आमच्या धंद्यात फडताळात पडून राहिलेल्या ठाणाला कुणी नफा म्हणत नाही. दारातली जागाही फिरती हवी.

म्हणून पहिलं काम घरचं. नोकरमाणसांच्या गाड्या रस्त्यावरून हलवा. आमच्याकडे मंडईतले मिसाळ आणि आर्यन वाहनतळ आहेत, नारायण पेठेत हमालवाडा आहे. मासिक पासाचे पैसे दुकानाने भरावेत, पगारातून कापू नयेत. नाहीतर आठवड्यात गाडी पुन्हा दारात दिसेल. सप्टेंबर 2024 पासून मंडईत मेट्रोचं स्थानकही आहे. मेट्रोने येणाऱ्याला तिकिटाचे पैसे द्या.

दुसरी गोष्ट दराची. रस्त्यावर फुकट आणि इमारतीत पैसे, असं असेल तर वाहनतळाचे वरचे मजले ओसच राहणार. पुणे महापालिकेने मार्च 2018 मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, पण विरोधापुढे ते पाच रस्त्यांच्या प्रयोगापुरतं आलं आणि पुढे बरीच वर्षं कागदावरच राहिलं. विरोधामागचा संशय अगदीच निराधार नव्हता. ठेकेदार मनाला येईल तो दर लावील, पावती देणार नाही, ही भीती सगळ्यांनाच असते. म्हणून नुसतं ‘नको’ म्हणण्यापेक्षा अटी घाला : ठळक दरफलक, यंत्रातून निघणारी पावती, तासागणिक चढता दर, आणि वसूल पैसा त्याच रस्त्यावर खर्च. अमेरिकेत पासाडीना शहराच्या जुन्या बाजारात 1993 मध्ये मीटर बसले, तेव्हा दुकानदार आधी विरोधातच होते. मीटरचे पैसे तिथल्याच पदपथांवर, दिव्यांवर आणि सफाईवर खर्च होणार म्हटल्यावर ते राजी झाले. या विषयाचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांचा निकष सोपा आहे : सुमारे 85 टक्के जागा भरलेल्या आणि बाकीच्या रिकाम्या राहतील, एवढाच दर ठेवा. आलेल्याला जागा मिळते आणि रस्ताही ओस पडत नाही.

तिसरं, पट्टे मारताना दुचाकीचा विचार आधी करा. मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, दुचाकीला एक बाय दोन. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा दुचाक्या मावतात, आणि पेठेत गाडी घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुतेक दुचाकीवरच असतं. अपंगांसाठी जागा राखा. मालाचे टेम्पो सकाळी दुकानं उघडण्याआधी रिकामे व्हायला हवेत, यावर व्यापारी संघटनेनेच सभासदांना धरावं.

चौथं, गिऱ्हाईक कशाने येतं हे गृहीत धरू नका, बिल करताना विचारा. 11 डिसेंबर 2021 ला महापालिकेने पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवला, तेव्हा आमच्यातल्या अनेकांना धंदा बुडेल अशी धास्ती होती. पण त्या दिवशी रस्ता माणसांनी भरलेला होता. पीएमपीच्या बसने, रिक्षाने, मेट्रोने, चालत येणारेही खरेदी करतात. त्यांना मोकळा पदपथ हवा असतो.

इमारतीचं सगळ्यात शेवटी. तिच्यात रॅम्प आणि येण्याजाण्याची वाट धरून एका मोटारीमागे 30 चौरस मीटरच्या आसपास जागा जाते, आणि बाजारपेठेतल्या जमिनीचा भाव आपल्याला ठाऊक आहे. आधीचे उपाय सहा महिने नेटाने करून पाहा, मग पुन्हा मोजणी करा. तरीही जागा अपुरी पडली, तर इमारत जरूर मागा. तेव्हा किती गाड्यांची सोय हवी, हे तुम्ही अधिकाऱ्यांना आकड्यात सांगू शकाल.