घोड्याची दोरी आणि मालकाचा हिशेब

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस इशाच्या नमाजनंतर एक वयोवृद्ध गृहस्थ मशिदीच्या ओट्यावर माझी वाट पाहत थांबले होते. आमच्या डोंगरावरच्या गावात पर्यटकांना रपेट घडवण्यासाठी ते घोडे बाळगतात. वडिलांपासून चालत आलेला धंदा. सध्या तबेल्यात पाच जनावरे आहेत. "मौलाना, एक मसला विचारायचा आहे," असे म्हणून त्यांनी सुरुवात केली, पण मसल्याऐवजी वर्षभराचे गाऱ्हाणेच सांगितले.

त्यांचा एक चांगला कमावता घोडा हिवाळ्यात पोटशुळाने एका रात्रीत गेला. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटात अडकलेले वर यायला वाट नसते; ज्यांनी घोडे बाळगले आहेत त्यांना अशी रात्र ठाऊक असते. त्याच्या जागी कर्ज काढून आणलेले तरणे जनावर अद्याप खोगीर अंगाला लावू देत नाही, आणि त्याच्या कपाळावरचा भोवरा अशुभ आहे असे शेजारीपाजारी सांगतात. पावसाळ्याचे चार महिने गिऱ्हाईक नसते, पण कडबा, हरभरा आणि नालबंद यांना सुटी नसते. त्यातच सर्वांत शहाणी घोडी पुढचा उजवा पाय राखून चालू लागली. पशुवैद्यांनी पाय चाचपून सांगितले की शीर दुखावली आहे, सहा महिने पाठीवर स्वार नको. एका दलालाने मात्र दुसरा उपाय सुचवला होता. सुई टोचली की घोडी दिवसभर सरळ चालेल. तेवढ्यात बाजारात उभी करून मोकळे व्हावे.

"कधी चढ, कधी उतार, हे सगळे पाहिले," ते म्हणाले. "पण आता वाटते, अल्लाहलाच माझा हा धंदा मंजूर नसावा."

"चाचा, जुम्यापर्यंत मुदत द्या," एवढेच मी त्या रात्री म्हणालो. जुम्याला त्यांना जे सांगितले, तेच येथे थोड्या विस्ताराने मांडत आहे.

दिव्य कुरआनात घोड्याचा उल्लेख एकाच दृष्टीने आलेला नाही. 'अन्-नहल' या सूरहमध्ये घोडे, खेचरे आणि गाढवे ही स्वारीसाठी व शोभेसाठी निर्माण केल्याचे सांगितले आहे. म्हणजे उमद्या घोड्याकडे पाहून मन प्रसन्न व्हावे, यात काही गैर नाही. 'आले इम्रान' या सूरहमध्ये मात्र माणसाला भुरळ घालणाऱ्या ऐहिक वस्तूंच्या यादीत सोन्याचांदीच्या राशींबरोबर निवडक घोडेही आहेत. एकच जनावर, एकीकडे देणगी आणि दुसरीकडे कसोटी.

हा भेद आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रसिद्ध हदीसमध्ये उलगडून दाखवला आहे. ती हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली असून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा की घोडा कोणासाठी पुण्य असतो, कोणासाठी आडोसा, तर कोणासाठी ओझे. ज्याने तो अल्लाहच्या मार्गात बांधला, त्याला पुण्य. ज्याने कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून तो बाळगला आणि त्याच्या मानेवरील व पाठीवरील अल्लाहचा हक्क विसरला नाही, त्याला आडोसा. ज्याने दिमाखासाठी, लोकांना दाखवण्यासाठी आणि वैरासाठी बांधला, त्याला ओझे.

पहिल्या प्रकाराविषयी प्रेषितांनी (स.) जो तपशील दिला आहे, तो घोडेवाल्याने विशेष लक्षपूर्वक ऐकावा. दोरी लांब सोडलेली असताना घोडा कुरणात जेवढे चरेल, ते पुण्यात लिहिले जाते. दोरी तोडून तो एखादी टेकडी ओलांडून धावत गेला, तर त्याच्या टापांचे ठसे आणि त्याची लीदही लिहिली जाते. वाटेत ओढा लागला आणि मालकाच्या मनात पाणी पाजण्याचा विचार नसतानाही तो प्यायला, तर तेही लिहिले जाते. या नोंदींत जिंकलेली शर्यत नाही, बाजारात आलेली किंमत नाही. तुटलेली दोरी आहे, पळालेले जनावर आहे, लीद आहे. मालक ज्याला कटकट म्हणतो, नेमके तेच वहीत चढलेले आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हा तपशील अल्लाहच्या मार्गात बांधलेल्या घोड्याविषयी आहे. भाड्याने रपेट देणाऱ्याने तो सरळ स्वतःला लावून घेऊ नये. त्याचे स्थान दुसऱ्या प्रकारात आहे. परंतु ते स्थान लहान नाही. हलाल कमाईतून मुलाबाळांवर केलेला खर्च हादेखील सदका आहे, हे दुसऱ्या हदीसींवरून स्पष्ट आहे. आणि 'आडोसा' हा शब्द किती नेमका आहे पाहा! पावसाळ्यात तबेल्याचे छप्पर जसे घोड्यांना आडोसा देते, तसे ते घोडे वर्षभर मालकाच्या अब्रूला देत असतात.

चढउतार हे नाराजीचे लक्षण असते, तर ते प्रेषितांच्या (स.) जीवनात दिसले नसते. हजरत अनस (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) एकदा घोड्यावरून पडले आणि त्यांच्या उजव्या बाजूला खरचटले. सहाबा समाचाराला आले, तेव्हा त्यांनी बसून नमाज पढवली. आपण ही हदीस बहुधा इमामाने बसून नमाज पढवण्याच्या मसल्यासाठी वाचतो आणि पुढे जातो. फिकहच्या विद्यार्थ्याला ते पुरेसे असेल. घोडेवाल्याने तिच्या पहिल्या वाक्यापाशीही थांबावे. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी तर स्वतःच कबूल केले आहे की त्यांना घोड्यावर स्थिर बसता येत नसे. प्रेषितांनी (स.) त्यांच्या छातीवर थाप मारून स्थैर्याची दुआ केली. ज्याच्या सोबतीला दीडशे घोडेस्वार होते, अशा सरदाराने आपली ही उणीव लपवली नाही.

प्रेषितांची (स.) 'अदबा' नावाची सांडणी होती. शर्यतीत तिला कोणी मागे टाकत नसे. एके दिवशी एक ग्रामीण अरब आपला तरणा उंट घेऊन आला आणि त्याने तिला मागे टाकले. मुसलमानांना फार वाईट वाटले. त्यांची खंत ओळखून प्रेषितांनी (स.) सांगितले की या जगातील जी वस्तू उंच चढते, तिला अल्लाह खाली आणतोच, तो त्याचा हक्क आहे. ही घटना बुखारीत आहे. मला तीत एक गोष्ट विशेष वाटते. अदबाच्या खाण्यात काही चूक झाली का, तिच्यावर कोणाची नजर लागली का, याची चौकशी कोणी केल्याचा उल्लेख नाही.

यावरून भोवऱ्याकडे येतो. आपल्याकडे घोडा घेताना दात पाहून वय ठरवतात, टाप पाहतात, हे शहाणपण आहे. पण केसांच्या वळणावरून मालकाचे भाग्य ठरवणे हा अपशकुन मानण्याचाच प्रकार, आणि इस्लाममध्ये अपशकुनाला जागा नाही. काही हदीसींत घर, स्त्री आणि घोडा यांच्या संदर्भात अशुभाचा उल्लेख येतो हे खरे. त्यावर विद्वानांनी पुष्कळ चर्चा केली आहे, हजरत आयशा (रजि.) यांनी तर तसा अर्थ लावण्यावर आक्षेप घेतला होता. अनेक भाष्यकारांनी त्याचा खुलासा असा केला की घोड्याचे अशुभ म्हणजे त्याचा अडेलपणा. अडेलपणाला उपाय असतो. भोवऱ्याला नसतो, म्हणूनच तो दोष देण्यासाठी सोयीचा!

तो उपाय म्हणजे शिकवणे. जे खेळ व्यर्थ नाहीत म्हणून हदीसमध्ये सांगितले आहेत, त्यांत माणसाने आपल्या घोड्याला वळण लावणे हा एक आहे. मदिनेत ही कला कशी होती, याचे चित्र हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या कथनात सापडते. प्रेषितांनी (स.) घोड्यांच्या शर्यती लावल्या. 'तजमीर' केलेल्या, म्हणजे पूर्ण तयार केलेल्या घोड्यांना हफया ते सनिय्यतुल-वदा हे अंतर दिले. एका कथनकर्त्याच्या अंदाजाने ते पाच-सहा मैल होते. ज्यांची तयारी झालेली नव्हती, त्यांना सनिय्यतुल-वदा ते बनी जुरैकची मशीद, सुमारे एक मैल. तजमीर म्हणजे काय, हे भाष्यकारांनी लिहून ठेवले आहे. प्रथम घोड्याला भरपूर चारून पुष्ट करायचे, मग चारा हळूहळू गरजेपुरता करायचा, बंदिस्त जागेत अंगावर झूल घालून घाम काढायचा. घाम सुकत गेला की मांस घट्ट होते आणि दम वाढतो. हजरत इब्ने उमर (रजि.) स्वतः त्या शर्यतीत होते. ते पहिले आले आणि त्यांचा घोडा त्यांना घेऊन मशिदीपलीकडे निघून गेला.

कच्च्या घोड्याला एक मैल आणि पक्क्याला पाच-सहा मैल, यात न्यायही आहे आणि शिक्षणशास्त्रही. कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की मालक कच्च्या जनावराकडून पक्क्याचे अंतर मागतो. ते मिळाले नाही की चाबूक उगारतो. हजरत आयशा (रजि.) एका अडेल उंटावर बसल्या होत्या आणि त्याला मागेपुढे ओढू लागल्या होत्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सौम्यता बाळगण्यास सांगितले, ती ज्या गोष्टीत असते तिला शोभा आणते. रोज थोडा कावा द्यावा, खरारा करताना अंगाला हाताची सवय करावी, आधी पोते, मग झूल, मग खोगीर. न फिरवलेला घोडा अडतो, हे आपल्या मराठी लोकोक्तीलाही ठाऊक आहे. (खोगीर, लगाम, रिकीब, नाल, चाबूक, तोबरा हे आपल्या तबेल्यातले शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि येथेच रुजले. भाषेनेही घोड्यावर बसूनच प्रवास केला आहे.)

मंदगती म्हणून ठरलेला घोडाही कायमचा मंद नसतो. एका रात्री मदिनेत घबराट पसरली. प्रेषित (स.) हजरत अबू तलहा (रजि.) यांच्या 'मंदूब' नावाच्या संथ घोड्यावर, पाठीवर खोगीरही नसताना, एकटे आवाजाच्या दिशेने गेले आणि परतल्यावर त्या घोड्याला त्यांनी समुद्राची उपमा दिली.

आता धंदा आणि इबादत यांची गोष्ट. 'साद' या सूरहमध्ये प्रेषित सुलैमान (अलै.) यांच्यापुढे संध्याकाळी उमदे घोडे आणल्याचा प्रसंग आहे. तेथे योजलेला 'साफिनात' हा शब्द तीन पायांवर उभा राहून चौथ्याचे केवळ टोक टेकवणाऱ्या घोड्यांसाठी आहे. त्या घोड्यांच्या नादात अल्लाहचे स्मरण राहून गेले आणि म्हणून त्यांनी त्यांची कुरबानी दिली, असा अर्थ अनेक मुफस्सिरांनी केला. इमाम तबरी यांनी मात्र, ते प्रेमाने त्यांच्या पायांवरून व मानांवरून हात फिरवू लागले, हा हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेला अर्थ स्वीकारला. कोणताही अर्थ घेतला तरी वेळ संध्याकाळची आहे. डोंगरावर सूर्यास्त पाहायला जाणाऱ्या गिऱ्हाइकांची गर्दी असरलाच होते, हे मी त्या गृहस्थांना सांगितले, तेव्हा ते खाली पाहून हसले. त्यांचे गाऱ्हाणे ऐकताना मला जाणवले होते की हंगामात ते असरला मशिदीत दिसत नाहीत.

घोडीच्या विक्रीबाबत उत्तर सरळ आहे. दोष लपवून विकणे मुसलमानाला हलाल नाही. सुई टोचून लंगडेपण झाकणे हे लपवणेच आहे, किंबहुना अधिक वाईट, कारण वेदना दबल्यामुळे नवा मालक तिला पळवील आणि दुखावलेली शीर तुटेल. फसवणूक एकाच वेळी माणसाची आणि मुक्या जिवाची. दोष सांगून विकता येते. फिकहप्रमाणे दोष नंतर उघडकीस आला, तर जनावर परत करण्याचा हक्क खरेदीदाराला असतो. हजरत उमर (रजि.) यांनी एक घोडा एकाला अल्लाहच्या मार्गात दिला होता आणि त्या माणसाने त्याची हेळसांड केली. तो आता स्वस्तात मिळेल, असे वाटून हजरत उमर (रजि.) तो परत विकत घेऊ पाहत होते, पण दिलेला सदका परत घेण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली. म्हणजे त्या काळातही दावणीला हाल सोसणारा घोडा होता, आणि त्याची किंमत उतरते हे जाणणारेही होते. एका अन्सारी सहाबीच्या बागेतील उंटाने प्रेषितांना (स.) पाहून अश्रू ढाळले, तेव्हा त्यांनी मालकाला बोलावून, हा उपाशी राहतो आणि अतिश्रमाने थकतो, अशी त्याची तक्रार असल्याचे सांगितले. काम न करणाऱ्या घोडीला चारा घालणे ही उधळपट्टी नव्हे. पाठीवरचा हक्क म्हणतात तो हाच.

राहता राहिली जकात. स्वारीच्या किंवा भाड्याच्या घोड्यांवर जकात नाही. चराऊ कुरणात पैदाशीसाठी ठेवलेल्या नर-मादी घोड्यांबाबत इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत निराळे आहे, परंतु त्यांचे दोन्ही प्रमुख शिष्य आणि इमाम शाफई (रह.) तेथेही जकात सांगत नाहीत. खरेदी-विक्रीसाठी घेतलेला घोडा मात्र व्यापाराचा माल ठरतो. वर्ष पूर्ण झाल्यावर बाजारभावाच्या अडीच टक्के. भाड्याची शिल्लक निसाबाइतकी असून तिच्यावर वर्ष लोटले, तर तिच्यावरही तेवढेच.

हे सर्व ऐकून त्यांनी विचारले, "मौलाना, त्या काळी कोणाकडे एकापेक्षा जास्त घोडे असत का?" मी हजरत उरवा बारिकी (रजि.) यांचे नाव घेतले. घोड्यांच्या कपाळावरील केसांत कियामतपर्यंत भलाई बांधलेली आहे, या हदीसचे ते एक कथनकर्ते. प्रेषितांनी (स.) त्यांना एका दीनारात एक बकरी आणायला पाठवले. त्यांनी त्यात दोन घेतल्या, एक दीनाराला विकली आणि बकरी व दीनार दोन्ही आणून दिले. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यापारात बरकतीची दुआ केली. पुढे त्यांच्या घरी सत्तर घोडे पाहिल्याचे बुखारीत नमूद आहे. "सत्तर!" गृहस्थ उद्गारले, आणि मग हळूच, "म्हणजे सत्तरांचा चारा."

घोडी त्यांनी ठेवून घेतली. असरनंतर त्यांची नात तिला खोगिराविना, लगाम हाती धरून, मशिदीमागच्या सपाटीवर चालवते. तरण्या घोड्याने अजून खोगीर घेतलेले नाही. पाठीवर पोते मात्र ठेवू देतो.