दशांश चिन्हापुढचा हिशेब

कॅनडातील व्हँकुव्हर येथील शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये एक नवा निर्देशांक सुरू केला. प्रारंभीचा आकडा होता १०००. बाजाराची स्थिती वाईट नसतानाही हा निर्देशांक घसरत घसरत नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४ वर येऊन ठेपला. चौकशीअंती आढळले ते असे : दिवसाकाठी सुमारे तीन हजार वेळा होणाऱ्या फेरगणनेत संगणक दशांश चिन्हापुढील तीन अंक ठेवून उरलेले छाटून टाकीत होता. दुरुस्ती होताच निर्देशांक १०९८ वर गेला. जवळजवळ निम्मा बाजार त्या छाटलेल्या अंकांत नाहीसा झाला होता!

आज जमीन, पगार, कर्ज, दूध यांचे हिशेब डेटाबेसमध्ये ठेवले जातात. तेथे रकाना आखतानाच त्यात कोणत्या प्रकारची संख्या राहील हे ठरवावे लागते. हा निर्णय बहुधा घाईने घेतला जातो. त्याचे परिणाम मात्र वर्षानुवर्षे भोगावे लागतात.

दशमान पद्धतीत एकतृतीयांश लिहू गेल्यास ०.३३३ असे न संपणारे अंक येतात. संगणकाच्या द्विमान पद्धतीत हीच गत एकदशांशाची होते. त्यामुळे ‘फ्लोट’ या प्रकारात दहा पैसे तंतोतंत मावत नाहीत, त्यांच्या अगदी जवळची संख्या साठविली जाते. दुहेरी अचूकतेच्या फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ इतकी आहे काय, असे विचारल्यास उत्तर ‘नाही’ असे मिळते. एकेरी फ्लोटची मर्यादा तर याहून तोकडी आहे. १,६७,७७,२१६ रुपये त्यात नीट राहतात. त्यात एक रुपया मिळवला तर तो गडप होतो. पर्जन्यमान किंवा तापमान यांसारख्या, मुळातच अदमासे मोजलेल्या राशींसाठी फ्लोट उत्तम होय. पैशासाठी तो वापरू नये.

पैशासाठी ‘डेसिमल’ अथवा ‘न्यूमेरिक’ हा प्रकार आहे. त्यात एकूण अंक किती व दशांश चिन्हापुढे किती, हे सांगावे लागते. येथेच पुष्कळांची फसगत होते. मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर यांत नुसते ‘डेसिमल’ लिहून सोडले, तर दशांश चिन्हापुढे शून्य अंक असे गृहीत धरले जाते आणि १२.७५ रुपयांचे निमूटपणे १३ रुपये होतात. दोष डेसिमलचा नव्हे, अर्धवट लिहिलेल्या आज्ञेचा आहे.

पुढे किती अंक ठेवावेत, हे मात्र व्यवहार जाणणाऱ्यानेच सांगितले पाहिजे. सात-बारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर यांत असते. समजा, एखाद्याने हेक्टरचा रकाना दोनच दशांश अंकांचा आखला. साडेतीन आर, म्हणजे ०.०३५ हेक्टरचा तुकडा त्यात ०.०४ होऊन बसेल. कागदावर पन्नास चौरस मीटर वाढले. गावठाणालगत तेवढ्या जागेत घर उभे राहते आणि शेजाऱ्याशी दावाही उभा राहतो. एक चौरस मीटर म्हणजे ०.०००१ हेक्टर; तेव्हा चार अंक हवेतच. सरळ चौरस मीटरच पूर्णांकात साठविणे, हा त्याहून सुटसुटीत मार्ग.

पूर्णांकांचीही एक खोड आहे. पोस्टग्रेएसक्यूएल व एसक्यूएल सर्व्हर यांत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक टाकून दिला जातो. ६० पैकी ४५ मुले हजर असता ४५ भागिले ६० गुणिले १०० असे लिहिले, तर हजेरी शून्य टक्के निघते! आधी १०० ने गुणावे, किंवा एक संख्या दशांशात लिहावी. खाते क्रमांक व दूरध्वनी क्रमांक यांची तर बेरीज करावयाचीच नसते. ते मजकूर म्हणून ठेवावेत, म्हणजे आरंभीचे शून्य गळत नाही.

एवढी दक्षता घेऊनही एक प्रश्न उरतो. एक हेक्टर जमीन तीन भावांत सारखी वाटावयाची आहे. प्रत्येकी ०.३३३३ हेक्टर लिहिल्यास बेरीज ०.९९९९ येते, एक चौरस मीटर शिल्लक राहतो. संख्येचा कोणताही प्रकार निवडला तरी तो सुटत नाही. तो कोणाच्या नावे लावावयाचा याचा नियम वाटणी करणाऱ्यांनी ठरवून द्यावा आणि संगणकाने तो पाळावा.