ॲल्युमिनियमला गंज लागत नाही?

‘ॲल्युमिनियमला गंज लागत नाही’ हे वाक्य आपण शाळेपासून पाठ करतो. पण एखाद्या जुन्या पद्मिनीचं बॉनेट उघडून बघा. कुर्ल्याला बनलेल्या या १०८९ सीसीच्या गाडीचा इंजिन ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचं. ब्लॉकवर तांबडा गंज, आणि हेडवर? पांढरट भुकटी. तोही ऑक्सिडेशनचाच प्रकार!

ॲल्युमिनियमवर हवेत लगेच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो. लोखंडाच्या गंजासारखे त्याचे पापुद्रे निघत नाहीत, तो घट्ट चिकटून राहतो, म्हणून आतला धातू वाचतो. पण हा थर ॲसिडमध्येही विरघळतो आणि अल्कलीतही. (ॲम्फोटेरिक... आठवली का बारावीची केमिस्ट्री?) म्हणून साफसफाई जपून.

१) ओळख : लोहचुंबक चिकटला तर भाग लोखंडी, तो बाजूला ठेवा. मग मल्टिमीटर लावा. कंटिन्युइटी मिळत नसेल तर वर ॲनोडायझिंग किंवा लॅकर असू शकतं. ॲनोडायझिंग असेल तर नुसतं साबणाने धुवा. घासलात तर तो थर घरी परत आणता येत नाही.

२) धुणे : तेलकट मळ डिझेल आणि मऊ ब्रशने काढा, मग साधा साबण. कॉस्टिक सोडा अजिबात नको. तो धातू खातो, वर हायड्रोजन सोडतो.

३) घासणे : बोहरी आळीत वॉटर पेपर मिळतो. ४००, ६००, १०००, १२०० या क्रमाने, पाणी लावून घासा. दर पेपरला दिशा काटकोनात बदला. आधीचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. लोखंडी तारेचा ब्रश टाळा. त्याचे कण रुततात आणि ओलावा मिळाला की तिथे गॅल्व्हॅनिक सेल तयार होतो.

४) बफिंग : सुती बफ आणि पॉलिशची वडी. मास्क, गॉगल हवाच, सैल बाही नको. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, म्हणून वर्कशॉपमध्ये ग्राइंडरच्या ठिणग्यांजवळ हे काम करू नका. शेवटी मेणाचा हात फिरवा, नाहीतर पावसाळ्यात पुन्हा पांढरं!

आता सगळ्यात महत्त्वाचं. हेडची गॅस्केट बसते ती बाजू हाताने कधीच घासू नका. ती सपाटच हवी. खोलगट झाली की गॅस्केट गळणार. कास्टिंगवरचे नंबर आणि खुणाही तशाच राहू द्या. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. उरलेल्या गाड्यांना आरशासारखी चमक नसली तरी चालेल, धातू मूळचा राहिला पाहिजे. तेव्हा पेपर हातात घेण्याआधी चुंबक आणि मल्टिमीटर!