वाईनची चव ओळखा : द्राक्ष बागायतदारांसाठी एक पाठ

द्राक्ष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका किंवा शरद सीडलेस या खाण्याच्या जातींचे भरघोस घड येतात. वाईनच्या द्राक्षाचा घड याहून वेगळा असतो. मणी लहान, साल जाड आणि आत बी. हा माल खाण्यासाठी बाजारात कोणी घेत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वायनरी. राज्य शासनाने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक भागात अशा बागा झपाट्याने वाढल्या. 2008 नंतरच्या मंदीत वाईनची मागणी घटली, टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि पुढच्या एक-दोन हंगामांत अनेकांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. तरीही वाईनची जात लावलेले, पण तिची वाईन कधीच न चाखलेले बागायतदार आजही भेटतात. ऊस लावणाऱ्याला गुळाची पारख नसावी, तसे हे झाले.

जे मद्य घेत नाहीत त्यांनी ते घ्यावे, असा येथे मुळीच आग्रह नाही. वास घेऊन, घोट तोंडात फिरवून थुंकून टाकला तरी पारख होते. जाणकार परीक्षक तसेच करतात. मात्र परवान्याशिवाय घरी वाईन तयार करणे हा गुन्हा आहे, हे लक्षात ठेवावे.

चाखण्याची रीत

स्टीलच्या पेल्यात वाईन चाखू नये. पातळ काचेचा, तोंडाशी थोडा निमुळता ग्लास घ्यावा व तो एक तृतीयांशच भरावा. पांढरी वाईन 8 ते 10 अंश सेल्सिअस तापमानाला घ्यावी. तांबडी वाईन खोलीच्या तापमानाला घ्यावी असे पुस्तकांत लिहिलेले असते, पण ती खोली युरोपातली. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये तांबड्या वाईनची बाटलीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, नाहीतर नाकाला फक्त अल्कोहोल जाणवते.

प्रथम रंग पाहावा, मग ग्लास फिरवून वास घ्यावा आणि नंतर घोट जिभेवर खेळवावा. गोडी, आंबटपणा व तुरटपणा यांचा मेळ कसा आहे ते पाहावे. द्राक्षाचा गर बहुतेक जातींत पांढराच असतो. तांबड्या वाईनचा रंग व तुरटपणा सालीतून येतो, कारण रस सालीसकट आंबवला जातो. म्हणून तांबड्या जातींत लहान मण्याला किंमत आहे. पाणी देऊन मणी फुगवला की वजन वाढते, पण वाईन पातळ होते.

जाती व त्यांची ओळख

सुरुवात शेनिन ब्लाँपासून करावी. फ्रान्समधील ल्वार खोऱ्यातील ही जात आपल्याकडे चांगली रुळली आहे. हिची वाईन अनेकदा किंचित गोडसर ठेवतात, त्यामुळे आपल्या तिखट जेवणाबरोबर ती जमते. सोव्हिन्याँ ब्लाँला हिरवट, ताज्या गवतासारखा किंवा पेरूसारखा वास येतो. कॅबर्ने सोव्हिन्याँ तुरट असते. द्राक्ष कच्चे तोडले असेल तर तिला ढोबळ्या मिरचीचा वास मारतो. तो वास एकदा ओळखीचा झाला की काढणीची घाई करण्याचा मोह आपोआप कमी होतो. शिराझमध्ये काळ्या मिरीची झाक असते. झिनफँडेलच्या एकाच घडात पिकलेले व कच्चे मणी शेजारी शेजारी असतात, म्हणून ती बागेत त्रासदायक ठरते. तांबड्या, तुरट वाईनबरोबर कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा मात्र घेऊ नये. तोंड अधिकच भाजते.

गावाप्रमाणे फरक

एकच जात दोन ठिकाणांहून घेऊन शेजारी शेजारी ठेवावी, इतके शिकवणारे दुसरे काही नाही. निफाडची हिवाळ्यातील कडाक्याची थंडी सर्वांना माहीत आहे. इगतपुरी घाटमाथ्याजवळ असून तेथे पाऊस फार. दिंडोरीच्या शिराझची वाईन त्या गावाच्या नावानेच विकली जाते. दिवसा ऊन व रात्री थंडी असेल तर मण्यातील आंबटपणा टिकतो. फेब्रुवारीअखेर रात्री उबदार झाल्या की तो उतरतो. सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात सँजिओव्हेजे ही इटलीची जात लावलेली आहे. कर्नाटकात नंदी टेकड्यांच्या पायथ्याशीही जुन्या बागा आहेत. नारायणगावला तर 1980 च्या दशकातच फ्रेंच पद्धतीने फेसाळ वाईन तयार होऊ लागली होती.

मोठ्या कंपनीची वाईन दरवर्षी साधारण सारखी लागते, कारण ती अनेक बागांच्या मालाचे मिश्रण करू शकते. लहान वायनरीत चार-दोन बागांचाच माल असतो, म्हणून तेथे त्या वर्षीचे हवामान चवीत उतरते. एखादे वर्ष फसतेही. तरीही शिकण्यासाठी लहान वायनरीच बरी. तेथे बाग सांभाळणारा व टाकी सांभाळणारा बहुधा एकच माणूस असतो आणि तो आपल्या प्रश्नांना उत्तरे देतो.

दोष कोठून आले?

वाईनला कुजक्या अंड्याचा वास आला तर बागेकडे वळून पाहावे. भुरीसाठी काढणीच्या अगदी जवळ गंधक फवारले असेल तर ते रसात उतरते व आंबताना असा वास निर्माण होऊ शकतो. व्हिनेगरचा वास फुटलेल्या, सडलेल्या मण्यांमुळे किंवा टाकीत हवा गेल्याने येतो. भिजलेल्या गोणपाटासारखा वास हा सहसा बुचाचा दोष असतो, आपला नव्हे.

काढणीपूर्वी

रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहण्याची सवय सर्वांना आहे. ब्रिक्सला 0.55 ने गुणले की वाईनमध्ये येणारे अल्कोहोल अंदाजे कळते. 22 ब्रिक्सला सुमारे 12 टक्के. परंतु केवळ ब्रिक्सवर जाऊ नये. मणी तोंडात टाकून साल चावावी, बी बाहेर काढून पाहावे. बी हिरवे व साल कडवट असेल तर तांबड्या जातीची काढणी लांबवावी.

नवीन लागवड करण्यापूर्वी वायनरीशी लेखी करार करावा. त्यात जात, ब्रिक्स, आम्लता, एकरी किती माल उचलणार, तो कोणत्या तारखेपर्यंत उचलणार व पैसे किती दिवसांत देणार, हे स्पष्ट लिहून घ्यावे. बोलणी करण्यासाठी जानेवारी ते मार्च या काढणीच्या हंगामात जावे. त्या वेळी टाकीतील नवी व गेल्या वर्षीची अशा दोन्ही वाईन चाखायला मागाव्यात आणि वहीत दोघींची नोंद करावी.